शून्य प्रहर

हर्णै बंदरात लिलाव थांबला.
बर्फवाल्या इद्रिसच्या मोबाइलवर
आमचे खासदार उभे राहिले.

आधी सीमेवरचं बोलले, मग गव्हाच्या भावाचं.
तोवर आम्ही सुरमई सावलीत ओढली.
मग म्हणाले, आंजर्ल्याच्या खाडीत, महोदय...
आणि हिंदी शब्द सापडेना.
"गाळ," म्हणाले, "गाळ!"
समोरून कुणी हसलं. घंटा वाजली.

एवढाच शब्द पोचला दिल्लीत,
तोही द्वारका चोगलेचा :
शिमग्यात तिनं त्यांना
चपलांसकट उभं केलं होतं त्यात,
घोट्यापर्यंत.

"नोंद झाली," इद्रिस म्हणाला.
द्वारकानं पाटी डोक्यावर घेतली :
"नोंदीवर होडी तरंगते काय रे?"

खाडीत सुकती लागलेली.
होड्या कुशीवर पडून होत्या,
एक कान चिखलात.