गेटपर्यंत

कन्नमवार नगर, इमारत अठ्ठावन्न.
कुणी गेलं की पेडणेकर यायचे
बाह्या दुमडून, खिशात शववाहिनीचा नंबर.
"डॉक्टरचा दाखला? आधारची झेरॉक्स?
टाकीजवळच्या स्कुटरी हलवा आधी."
आणि त्या हलायच्या.

आज पेडणेकरच गेले.
जिन्यात पंधरा पुरुष, हात मागे बांधून,
कुणीतरी बोलेल म्हणून थांबलेले.
शेजाऱ्यांनी आणलेला चहाचा थर्मासही कुणी उघडेना.

मग कुणीतरी म्हणालं, "दाखला कुठाय?
भाईंदरची लेक निघाली का?
आणि त्या स्कुटरी हलवा आधी."
आवाज माझा होता.
स्कुटरी हलल्या.
सेक्रेटरींनी विचारलं, "हार किती सांगू, मॅडम?"
परवाच पार्किंगवरून म्हणाले होते,
तुमच्या मिस्टरांना पाठवा.

दुपारी गाडी निघाली.
मी पुढे, लाकडांची पावती माझ्याच हातात.
गेटच्या लोखंडी पट्टीशी
चप्पल थांबली.
कुणी अडवलं नव्हतं.
कुणी बघतही नव्हतं.
पावती मी धाकट्या पेडणेकरला दिली,
त्याला नीट वाचताही येईना डोळ्यांतल्या पाण्यानं.

वर आले.
भिंतीला टेकून बसलेल्या बायकांनी
सरकून जागा केली,
बरोब्बर माझ्या मापाची.