तळहाताएवढं

चाळीस वर्षं मी टायर बदलले,
बॉडमिनच्या माळाकडे चढणाऱ्या रस्त्यावर,
पत्र्याच्या शेडमध्ये.
चाक म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये,
असं मी लव्हडेला म्हणायचो.
ती हसायची
आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूनं
वर्षाचं चाक काढायची.
आठ आरे, आऱ्याच्या टोकाला एकेक सण,
नावं अशी की माझी जीभ अडखळायची.
साम्हेन लिहायचं, साविन म्हणायचं.
'चुकलं तरी चालतं, जॅगो,
मेलेली माणसं कशीही हाक मारली तरी येतात.'

ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री
ती दोन ताटं जास्तीची मांडायची.
एक तिच्या आईचं.
एक माझ्या बापाचं,
जो जन्मभर चॅपलच्या पहिल्या बाकावर बसला
आणि चेटूक म्हटलं की थुंकायचा.
'भूक तर त्यालाही लागत असेल,' ती म्हणायची.
वर्ष इथून सुरू होतं म्हणे, ऐन काळोखात.
मी म्हटलं, हा काय मुहूर्त झाला?
तर म्हणाली, बी कुठे दिवा लावून रुजतं?

सगळ्यात लांब रात्री ती ओंडका जळत ठेवून जागायची.
मी अकरालाच घोरायला लागायचो.
पहाटे गार हात माझ्या मानेवर:
ऊठ, आला परत.
जणू सूर्य म्हणजे
मासेमारीला गेलेला कुणाचा तरी पोरगा.

फेब्रुवारीत मेंढ्यांच्या आचळांत दूध उतरतं.
त्या सणाच्या नावाचा अर्थ, तिच्या सांगण्यानुसार, 'पोटात'.
आम्हाला मूल नव्हतं.
त्या रात्री ती प्रत्येक खिडकीत मेणबत्ती लावायची
आणि त्याबद्दल काही बोलायची नाही.
मीही नाही.

मे महिन्यात मात्र मजा.
नर्स केरेन्झा, बसवाला पास्को,
सगळे माळावर जाळ करायचे.
मी गाडीत बसून थर्मासमधला चहा प्यायचो,
विश्वास नाही म्हणून.
एकदाच तिनं ओढून नेलं, मी अठ्ठावन्न वर्षांचा,
हातात हात घालून जाळावरून उडी मारली
आणि माझ्या ग्रीस लागलेल्या पँटनं पेट घेतला.
पास्कोनं बादलीभर सायडर ओतलं.
इतकी हसली ती,
गवतावर बसूनच राहिली.

ऑगस्टात पहिल्या कापणीचा पाव भाजला.
कणीस का म्हणून विचारत नाही, ती म्हणाली,
आपणहून मान पुढे करतं.
अर्धा पाव उरला होता
तेव्हा ती गेली.
लव्हडे, मी कणीस नाही.
मी विचारतो.

भिंतीवरचं चाक अजून आहे.
वसंताचा आरा किटलीच्या वाफेनं पुसलाय,
शरदाचा माझ्याच कोपरानं, बहुतेक.
तिथले सण कोणते, आठवत नाहीत.
केरेन्झाला विचारेन कधीतरी.

एक गोष्ट मी हरेक गिऱ्हाइकाला सांगायचो
गुळगुळीत टायरवर अंगठा दाबून:
चाक केवढंही असो, रस्त्याला एका वेळी टेकतो
तो तळहाताएवढाच भाग.
सगळी गाडी, आतली माणसं,
डिकीतलं सामान, वळणावरचा पाऊस,
सगळं त्या तळहातावर.
तुला कधी सांगितलं नाही.
वाटायचं, धंद्यातली गोष्ट आहे.

आज शेवटची रात्र ऑक्टोबरची.
ताटं मांडलीत, या खेपेला तीन.
मागचं दार उघडं ठेवलंय,
माळावरची थंडी सरळ आत येतेय.
नाव मी चुकीचंच म्हणालो,
दोनदा.
बापाच्या ताटातले बटाटे शेवटी मीच खाल्ले.
तुझ्या ताटाला हात लावलेला नाही.
गार होतंय.