चौथा खण

मुंग्यांनी आधी सांगितलं.
दुकानाच्या चौकटीवरून, पट्ट्यांच्या डब्यांमागून
एक बारीक काळी रांग चौथ्या खणात उतरत होती,
जिथे मी फक्त मेलेली घड्याळं ठेवतो
आणि जिथे दुसरं कुणी हात घालत नाही,
असं मला वाटत होतं.

खण ओढला, तर आंब्याचा वास.
म्हापशाच्या बाजारात मे महिन्यात येतो तो नव्हे.
आंबा कधी न पाहिलेल्या माणसाने
ऐकीव माहितीवर केलेला.

मनगटी घड्याळाच्या रिकाम्या पेटीत
बोटाएवढी निळी नळी,
काचेची टाकी तडकलेली, बूड चिकट,
आणि भोवती मुंग्या,
आलेल्या सगळ्या. परत निघालेली एकही नाही.
आई तंबाखू उकळून त्याचं पाणी मिरच्यांवर मारायची.
तेव्हाच कळलं हे काय आहे
आणि कुणाचं.

उर्वेश बाहेर गिऱ्हाइकाला पट्टे दाखवत होता.
तांबडा, मग काळा, मग परत तांबडा.
मी भिंग डोळ्यात अडकवलं.
घड्याळजीचं एक बरं असतं,
डोळ्यात भिंग असलं की
चेहऱ्याचं कुणी विचारत नाही.

झाकण आटे सोडेना.
दोन थेंब स्पिरिट, थोडा धीर.
बॅटरी बाहेर आली ती साल सुटलेली,
पितळी टोकावर हिरवट थर,
पावसाळ्यात समईला चढतो तसा.
कापूस, दातकोरणं, पुन्हा कापूस.
तीस वर्षं दुसऱ्यांच्या मनगटांचा घाम पुसतोय,
पोराच्या ओठांची चिकटाई पहिल्यांदाच.

हातमोजे घालायला हवे होते.
बोटांतून काहीतरी वर चढलं,
कपाळ ओलं झालं.
भिंतीवरची घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवत होती,
ती तर रोजच दाखवतात,
आज प्रत्येक खरी वाटली.
स्टुलावर बसलो.
बिडी सोडून अकरा वर्षं झाली माझी,
आणि ही अशी मागच्या दाराने भेटायला आली.

मीटर लावला. काटा उठला, अर्ध्यात डळमळला, बसला.
बॅटरी तळहाताला कोमट लागत होती,
नुसती पडून असताना कोमट.
चार्जिंगला लावायची हिंमत नव्हती,
कचऱ्यात टाकायची त्याहून नाही.
दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली,
लादी बसवताना उरलेली वाळू एका डब्यात घेतली,
डबा मागच्या परसात,
झावळ्यांच्या ढिगापासून लांब.
नळी मात्र पुसून पेटीत ठेवली, होती तिथे.
का, ते विचारू नका.
मुंग्या कागदावर गोळा केल्या.
वजन काहीच नव्हतं.

संध्याकाळी उर्वेश चौथ्या खणाशी गेला.
पाठ माझ्याकडे. बराच वेळ.
हलकी झालेली नळी हातात तोलत असावा.
'पप्पा, हांगा मुयो आयिल्ल्यो?'
'आयिल्ल्यो.'
'आनी?'
'बॅटरी वाळूंत आसा. हात लावूं नाका.'

शटर त्याने ओढलं. एरवी मी ओढतो.
कुलूपही त्यानेच लावलं, दोनदा हिसडून पाहिलं.
उतारावरून घरी निघालो,
मध्ये एका माणसाची जागा सोडून,
दोघांच्या हातांना तोच खोटा आंबा.
दार उघडताच सुलक्षा विचारणार होती,
ऐन ऑगस्टात आंबे कुठे मिळाले
आणि तिच्या वाटणीचे कुठे आहेत.