परत

दिवसभर मी लोकांचे कान तपासते.
काचेच्या खोलीत बसवते, हेडफोन चढवते,
सांगते, ऐकू आलं की बोट वर करा.
कितीतरी जण उगाच करतात.
नापास व्हायची भीती कानांनाही असते.

शनिवारी सुटल्यावर जेल रोडला गेले.
मोबाइलच्या कव्हरांच्या दोन भिंतींमधून आत,
जिन्याखाली इद्रिसभाईंचं दुकान.
दोघं बसली की तिसऱ्याने बाहेरून बोलायचं.

"पहले डिस्टॉर्शन सुनो," ते म्हणाले.
पायाने दाबलं,
आणि माझा साधा, घरगुती ई मायनर
हातगाडीवरून पत्रे घसरावेत तसा अंगावर आला.
कोरस लावला: दोन मावश्या एकच आरती म्हणतायत,
एक जरा मागे, माघार कुणीच घेत नाही.
ट्रेमोलो म्हणजे आमच्या सुदामानगरचं मे महिन्यातलं व्होल्टेज.
रिव्हर्बचं बटण मी शेवटपर्यंत फिरवलं
तेव्हा ते अडवायला उठले नाहीत,
नुसतं म्हणाले, "दीदी, जीरावन है ये.
चुटकीभर."

मग चपलांच्या एका खोक्यातून
लूपर निघाला.
हिरवा, एका कोपऱ्यात रंग झिजून धातू उघडा पडलेला;
तिथे कुणाचा तरी अंगठा रोज टेकत असणार.
तळाच्या वेल्क्रोत मांजराचे केस.
"किसका था?"
"कोई बच्चा दे गया. अडाप्टर नहीं है."
अठराशे म्हणाले, चौदाशेला आले.

खालच्या खासगीवाले काकूंना नऊनंतर आवाज चालत नाही,
म्हणून मीच हेडफोन लावून बसले.
दिवा विझलेला असायला हवा होता.
तो लुकलुकत होता.
आत कुणीतरी होतं.

चार कॉर्ड. आठ मात्रांत फिरून पुन्हा तिथेच.
तिसरा, एफ, दर वेळी उशिरा,
कारण तर्जनी सहा तारा एकदम दाबायला पुरत नाही.
ती जागा मला ठाऊक आहे.
मीही तिथेच हरते.
आणि शेवटी, गिटारच्या पोटातल्या माइकने पकडलेलं,
हळू, कुणालाही न म्हटलेलं:
"परत."

मुलगा की मुलगी, कळेना. वय कळेना.
आणि हे इंदूर आहे, इथे भाषासुद्धा
एका शब्दावरून सांगता येत नाही.
मराठी असेल, तर पुन्हा. पहिल्यापासून. चुकलं.
हिंदी असेल, तर थर. एकावर एक, अजून एक.
आणि मधला काना मला ऐकू आला नसेल,
तर स्वयंपाकघरातून कुणी परात मागितली,
आणि ते पोर वाजवायचं सोडून उठून गेलं.

बटण दोन सेकंद दाबून धरलं की सगळं पुसलं जातं.
पाय ठेवला.
एक
"परत."
उचलला.

अकरा वाजेपर्यंत वरून वाजवत राहिले.
आधी त्या उशिराच्या जागेत एक खालचा सूर भरून पाहिला,
खड्ड्यावर फळी टाकावी तसा.
वाईट वाटलं. तो काढला.
मग नुसती थांबले, त्याच्याबरोबर, तिच्याबरोबर,
एफ येईपर्यंत.
तो आला की मी.
माझी चूक वेगळ्याच जागी होते, हेही त्या रात्री कळलं.

सोमवारी मिलमधले एक खळे आले होते,
तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढलेली.
मी टोन द्यायच्या आधीच
त्यांनी बोट वर केलं.
काचेपलीकडे, डोळे मिटून, अगदी खात्रीने.

काय ऐकलंत, असं विचारायची आमच्यात पद्धत नाही.
कागदावर रकाना असतो.
त्यात मी लिहिलं,
परत.