केस

आठवीच्या वर्गात मी फळ्यावर चार रोमन अक्षरं लिहिली
आणि म्हटलं, अर्थ सांगा.
मागच्या बाकावरून आवाज आला,
मॅडम, तुमच्या बाबांचा धंदा.
वर्ग हसला. मीही.
खानापुरात स्टेशन रोडला आमचं दुकान,
दोन खुर्च्या, मधोमध तडकलेला एक आरसा,
पाटीवर कन्नड मोठं, मराठी बारीक.

दुसरा म्हणाला, कोर्टात असते ती.
हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही.
दिल्लीत एक केस आहे
हे पोरांना पाढ्यांच्या आधी ठाऊक असतं,
आणि तारीख पडते म्हणजे
ती खाली येत नाही, पुढं जाते.

मष्णू गुरव, पोस्टातून रिटायर,
रोज यायचे दुकानात. पेपर वाचायला, कापायला नव्हे.
ती केस निकालात निघाली की हे केस काढायचे,
असं एकदा बोलून गेले चारचौघांत
आणि मग बोललेलं पाळत बसले अठरा वर्षं.
बाबा म्हणायचे, अण्णा, कमरेला आले की हो.
ते अंबाडा घट्ट करायचे,
थांब की, तारीख जवळ येऊलालीय.

दाराशी भाजी विकणारी निंगव्वा
हे ऐकून एकदा आत डोकावली,
केसु होय? उद्या आणते, दोन जुड्या ठेवते तुमच्यासाठी.
तिच्या कन्नडात केसु म्हणजे अळू.
कोर्टातला केसु जरा लांब ओढायचा, पानातला आखूड,
आमच्या कानाला तो फरक सापडत नाही.
दुसऱ्या दिवशी तिनं खरंच आणला.
घसा अजिबात खवखवला नाही,
हे अण्णा आठवडाभर सांगत होते.

तर फळ्यावर मी तिसरा अर्थ लिहिला, विभक्ती.
खानापूरला, खानापूरचा, खानापुरात.
शेजारच्या वर्गात कन्नडच्या बाईंकडेही हाच शब्द,
तिथली पोरंही याच पानावर जांभया देणारी.
नामाला काही येऊन चिकटतं
त्याला आपण दोघीही विभक्ती का म्हणतो,
असं मी त्यांना एकदा विचारलं.
त्या म्हणाल्या, चहा घेणार?

चौथा अर्थ राहिला. घंटा झाली.

त्याच शनिवारी अण्णा नळावर पडले.
बेळगावात डॉक्टर म्हणाला, सीरियस केस आहे,
मेंदूत रक्त साकळलंय.
नर्स म्हणाली, कूदलु तेगीबेकु.
अण्णांच्या मुलानं बाबांना फोन केला,
तुम्हीच या, दुसऱ्या कुणाचा हात नको.

बाबा मिळेल त्या बसनं गेले, मशीन पिशवीत घालून.
अंबाडा सोडताना
शुद्ध हरपलेल्या माणसाच्या कानाशी वाकून म्हणाले,
अण्णा, निकाल लागला नाही. पण काढूलालोय.
पांढरेशुभ्र केस, एवढे लांब,
आणि अगदी टोकाला बोटभर काळे.
त्या काळात अण्णा काळे होते.

ती टोकं तेवढी बाबांनी कापून
अण्णांच्याच चष्म्याच्या केसमध्ये ठेवली.
मी म्हटलं, कशाला?
म्हणाले, असू दे. न जाणो.

हाच तो चौथा अर्थ, इन केस.
सोमवारी फळ्यावर लिहायला घेतला
आणि पुसून टाकला.

पाचव्या दिवशी अण्णांनी डोळे उघडले.
हात हळूहळू वर गेला,
डोकं चाचपलं, सगळीकडून,
आणि ओठ हलले,
लागला?

अर्धं मराठी येणारी नर्स धावत आली,
कुठं लागलं अज्जा, दुखूलालंय काय?
बाबा खिडकीकडं तोंड करून
चष्म्याची ती केस उघडत होते, मिटत होते.