पायाखालचं पाणी

समुद्रापासून पन्नास फुटांवर
माझ्यासमोर समुद्र नसतो.
पंख्यांचा वारा पाण्यावर आदळतो, पाणी उठतं,
आणि चहूकडे ताक घुसळल्यासारखं पांढरं.
दिव्याखाली अंधार असतो. माझ्याखाली हे.

वायपर काचेवरचं मीठ
इकडचं तिकडे करतात.
लाटा पुढे पळतात
आणि अंग सांगतं, आपण मागे चाललोय.
अंगाचं ऐकायचं नाही
हे शिकायला मला चार वर्षं लागली.

नजर टेकवायला काहीतरी हवं.
त्या दिवशी एक नारिंगी बोया होता, जाळ्यातून सुटलेला.
त्यालाच धरून बसले,
आणि बऱ्याच वेळाने ध्यानात आलं
की तोही वाहतोय. दोघं मिळून
मिकिनेसच्या कड्याकडे निघालो होतो.

मागे उघड्या दारात होग्नी पालथा पडलेला,
त्याचा आवाज कानात:
"पुढे तीन. पुढे दोन. उजवीकडे एक. थांब."
घरी कुणी कधी
इतकं नेमकं बोललं नाही माझ्याशी.
"दिसतोय. हात हलवतोय. डावीकडे अर्धा."
अर्धा काय, मी विचारत नाही.

मग दोर ताणला जातो
आणि डाव्या मुठीत थोडं जड होतं.
यंत्र किंचित बसतं, मी किंचित उचलते.
माणूस. मला त्याच्याबद्दल एवढंच कळतं:
ओल्या कपड्यांसकट नव्वदेक किलो.

मार्चमध्ये क्लाक्सविकच्या दुकानात, बटाट्यांपाशी,
एक म्हातारा टोपी काढून उभा राहिला.
मी बेइनिर, म्हणाला. ती बोट माझी.
नाव मी अहवालात लिहिलं होतं. चेहरा नवा.
तो मात्र माझ्या पायांकडे बघत होता.

"त्या पांढऱ्यातून मधूनच तुझे बूट दिसायचे,
खालच्या काचेतून. सारखे हलत होते,
हा, मग तो, हा, मग तो.
वाटलं, वर कुणीतरी
शिलाई मशीनवर बसलंय.
खाली मात्र एकदाही पाहिलं नाहीस.
मला वाटलं, हिला मी दिसलोच नाही."

दिसला नव्हतासच, मी म्हणाले.

तो हसला की खोकला, कोण जाणे.
"धर जरा, पाकीट काढतो," म्हणत
त्याने बटाट्यांची पिशवी पुढे केली.
मी डाव्या हातात घेतली
आणि हात, न सांगता,
किंचित वर गेला.