पौषातला बेत

लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर
यादी लिहायला घेतली आहे.
वर तारीख. तारखेखाली रेघ.
रेघेखाली: हतनूर, धरणामागचं पाणी, तापीच्या अंगाची बाजू.
मार्गशीर्ष संपल्यावरचा पहिला रविवार.
त्याआधी नाही, कोकिळाने सांगितलंय,
आणि या घरात माशांच्या बाबतीत
सगळे गेट तिच्या हातात.

आमच्या चुलीवर मासा कधी चढला नाही.
माझं पातेलं मुनाफ तडवीकडे असतं,
यावलला, माळ्यावर,
बुडाशी माझं नाव कोरलेलं.
फोनवर म्हणाला, हाव भो, घासून ठेवतो,
मीठ-मिरची माझी, तेल तुझं,
मागच्या खेपेला तेलच विसरला होतास.

पाण्याचं सुपडू भोईला विचारलं.
सोसायटीचा ठेका त्याच्या साडूकडे.
काठावरून गळ टाकला तर कुणी बोलत नाही,
जाळं दिसलं की शिट्टी.
पाणी उतरू राहिलंय, म्हणाला,
बाभळीची खोडं वर आलीत,
दोरी अडकेल, गळ जास्तीचे आणा.
आणि एवढ्या पहाटे येऊन करता काय?
थंडीचा मासाही गोधडीत असतो.
अकरा वाजू द्या, कडेचं पाणी कोमट होऊ द्या,
मग निघतो रोहू उन्हाला
पेन्शनवाल्यांसारखा.
हे त्याने कुणाला उद्देशून म्हटलं
ते मी विचारलं नाही.

रावेरची केळी दोन, साल काळी पडलेली.
शेंगदाण्याची पेंड पावशेर.
भाजलेलं बेसन. हिंग
(स्वयंपाकघरातलं नाही).
कळण्याच्या भाकरी सहा, ठेचा.
भरीत नको, भरिताने माणूस सुस्तावतो.
चहा वरणगाव फाट्यावर.

आणि लोटन.
या नावापुढे पेन टेकवून बसलो आहे मघापासून.

लोटन अमळनेरचा. तीस वर्षं इंजिनावर.
धुक्यात सिग्नल त्याला आधी दिसायचा,
मग शेजारच्या पोराला.
आता उजवा डोळा नुकताच केलाय,
डावा अजून पिकायचाय.
डॉक्टर म्हणाला, धूळ नको, चकाकी नको,
पाण्याचा थेंब नको.
म्हणजे वरणगावचा रस्ता नको, दुपार नको,
तापी नकोच.

मागच्या हिवाळ्यातच मला कळलं होतं.
मोरपिसाच्या देठाचा तरंगा एकीकडे,
आणि हा दुसऱ्याच लाटेवर नजर लावून.
आमिष खाऊन गेलं कुणीतरी, सावकाश.
खेकडा असंल, मी म्हटलं.
हाव, खेकडाच, तो म्हणाला.
दोघांनाही माहीत होतं.

काल संध्याकाळी रुळांकडच्या बाकावर
त्याला म्हटलं, पुढच्या वर्षी जाऊ.
त्याने काळा चष्मा नाकावर सारखा केला.
लांबून गाडी येत होती.
मालगाडी, म्हणाला, रिकामी.
खरंच रिकामी होती. मी डबे बघत राहिलो
शेवटच्या लाल दिव्यापर्यंत.
मग म्हणाला,
"गय मना, डोया तुना."

गळ त्याचा, डोळा माझा.
तरंगा बुडाला की मी एक शब्द बोलायचा,
तो ओढणार.
शब्दावर अर्धा तास गेला.
'ओढ' म्हणेपर्यंत मासा सुरतेला पोचेल.
'आला' नको, ते तू उगीचच म्हणतोस.
'डुब' तर काठावरची पोरंही ओरडतात.
शेवटी त्यानेच ठरवला: 'ग्रीन'.
सिग्नल दिसला की मोठ्याने म्हणायची रीत,
एकाने म्हणायचं, दुसऱ्याने तेच परत म्हणायचं,
तीस वर्षं तेवढंच तर बोललो, म्हणाला.

बाकावरच सराव केला.
मी म्हटलं, ग्रीन.
तो म्हणाला, ग्रीन,
आणि हात असा उचलला
की समोरचा शेंगवाला दचकला.

लोटन.
काळा चष्मा. रुंद काठाची टोपी.
स्कूटरवर मागे बसून तोंड माझ्या पाठीला.
डोळ्यात टाकायचं औषध, दोन वाजता,
माझ्या घड्याळाने.
तेल.
हिंग विकत घ्यायचं.